पोट्ट्यांच्या व्यायामात सरकारने पडावं का? पडावं, पण वजनकाटा बाजूला ठेवून

परवा मनीषनगरकडच्या एका पालकांचा मेसेज आला. मुलगा सातवीत, वजन ६२ किलो, दोन जिने चढला की धापा टाकतो. त्यांनी विचारलं होतं, सर, सरकारने या पोरांच्या व्यायामात पडावं का की हा ज्याच्या-त्याच्या घरचा मामला आहे, आणि खरं सांगा, व्यायामाने लठ्ठपणा कमी होतो का? शाळेच्या गेटवर दर आठवड्याला कोणी ना कोणी मला हेच विचारतं, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

मी २६ वर्षं नागपुरात पीटी शिकवतोय. अनुदानित शाळा झाली, सीबीएसई झाली, उन्हाळ्यात कोचिंग कॅम्प तर दरवर्षीच. माझं म्हणणं असं आहे की सरकारने पडावं, आणि जोर लावून पडावं, पण वजन कमी करायचं म्हणून नाही. ज्या दिवशी पोरांना "लठ्ठपणा हटवायचा" म्हणून पळवायला लागाल त्या दिवशी ज्याला पळायची सगळ्यात जास्त गरज आहे तेच पोरगं सगळ्यात आधी मैदान सोडेल. हे मी स्वतः चूक करून शिकलोय.

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. प्रगतिपुस्तकात उंची-वजनाचा रकाना असतो ना, तो भरायचा होता. मी आठवीचा वर्ग हॉलमध्ये रांगेत उभा केला, मध्ये काटा ठेवला, एक मॉनिटर आकडा वाचणार आणि दुसरा लिहिणार, पटापट काम होईल म्हणून. एक पोरगा काट्यावर चढला आणि मॉनिटर ओरडला, "अठ्ठ्याहत्तर!" अख्खी रांग हसली. तो काही बोलला नाही, रडला नाही. खाली उतरला, बूट घातले आणि लेस बांधायला बसला. बांधलेली लेस सोडली, परत बांधली, परत सोडली, पुढची पाच-सहा पोरं काट्यावरून उतरेपर्यंत त्याने मान वर केली नाही. त्यानंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी, म्हणजे पीटीच्या तासाला, त्याचं पोट दुखायचं. आईची चिठ्ठी यायची. मी वर्षभर त्याला आळशी समजत राहिलो आणि दोन-तीनदा सगळ्यांसमोर बोललोही की अरे तुलाच तर गरज आहे. किती वर्षांनी तो मला सक्करदऱ्याला भेटला, नोकरीला लागला होता, आणि बोलता बोलता म्हणाला, सर, आमच्या गल्लीत मी गोलकीपर होतो, रोज खेळायचो, शाळेत तुम्ही कधी विचारलंच नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही.

एका शाळेतली ही गोष्ट एका देशाने अख्ख्या देशभर केली होती. सिंगापूरने १९९२ मध्ये शाळांसाठी "ट्रिम अँड फिट" नावाचा कार्यक्रम सुरू केला. जाड मुलं वेगळी काढायची आणि मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर त्यांच्याकडून जास्तीचा व्यायाम करून घ्यायचा. आकडा खाली आला हे खरं आहे, लठ्ठ मुलांचं प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास होतं ते १० च्या आत आलं. पण बाकी पोरं त्यांना चिडवायची, इंग्रजीत त्या कार्यक्रमाचं लघुरूप उलटं वाचलं की "फॅट" होतं आणि पोरांनी ते बरोबर शोधून काढलं. शेवटी २००७ मध्ये सरकारने तो बंद केला आणि सगळ्याच मुलांसाठीचा आरोग्य कार्यक्रम आणला. म्हणजे सरकारने हात घातला की परिणाम होतो हे सिंगापूरवरून कळतं, आणि कसा घालू नये हेही तिथूनच कळतं.

आता व्यायामाने वजन किती कमी होतं ते बघू, कारण इथे पालकांची फार फसवणूक होते. ५० किलोचं पोरगं तासभर बऱ्यापैकी चाललं तर दीडशे-दोनशे कॅलरी जातात. शाळेसमोरचा एक मोठा समोसा अडीचशे कॅलरीच्या आसपास असतो. कोल्ड्रिंकची २५० मिलीची बाटली घ्या, त्यात २६ ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे पाच चमचे झाली आणि शंभरावर कॅलरी. म्हणजे पोरगं अंबाझरीला तासभर फिरलं आणि येताना एक समोसा, एक बाटली झाली की हिशोब उलटा. शिवाय व्यायामाने भूक लागते आणि आई कौतुकाने एक पोळी जास्त वाढते. म्हणून नुसत्या व्यायामावर वजन उतरवायला निघालेला पालक दोन महिन्यांत काटा बघून नाराज होतो आणि क्लास बंद करतो. मी हे शेकडो वेळा बघितलंय. वजनाचा मोठा भाग ताटात ठरतो, आणि झोपेत. रात्री बारापर्यंत मोबाईल बघणारं पोरगं दुसऱ्या दिवशी जास्त खातं, गोड जास्त मागतं, हे कुठल्याही आईला विचारा.

मग व्यायाम काहून करायचा? कारण काट्यावर जे दिसत नाही ते व्यायामाने बदलतं. स्नायू कामाला लागला की तो रक्तातली साखर स्वतः ओढून घेतो, त्या वेळी इन्सुलिनवर तेवढा अवलंबून राहत नाही, आणि त्याचा परिणाम पुढचे बरेच तास टिकतो. यकृतावरची चरबी कमी होते. हाडं तर याच वयात भरतात, विशीच्या पुढे त्या खात्यात फारशी भर पडत नाही, आणि हाड भरायला उडी लागते, धाव लागते, दोरी लागते, गोळ्यांनी ते होत नाही. वजन एक किलोही न उतरता हे सगळं होतं.

आणि आपल्याकडे तर काटा आणखीच दगा देतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी कित्येक वर्षांपूर्वी दाखवून दिलंय की भारतीय माणूस दिसायला बारीक आणि आतून चरबीचा असू शकतो. त्यांनी स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी दुपटीहून जास्त. म्हणूनच आपल्याकडे डॉक्टर मोठ्या माणसाला बीएमआय २३ च्या वर गेला की सावध करतात, जगाच्या मोजमापात तो आकडा २५ आहे. मैदानावर हे मला रोज दिसतं. खेलो इंडियाच्या फिटनेस चाचणीत नऊ वर्षांच्या वरच्या मुलांना ६०० मीटर पळावं लागतं. दरवर्षी पंधरा-वीस पोरं अशी निघतात की अंगावर मांस नाही, आई म्हणते खातच नाही, आणि ३०० मीटरवर कंबर धरून उभी. यांना कोणी लठ्ठ म्हणणार नाही, कुठल्याही "लठ्ठपणा हटाव" योजनेत यांचं नाव येणार नाही. मनपाच्या शाळेतली कमी वजनाची पोरं तर त्यात कुठेच नाहीत. म्हणून मी म्हणतो की योजना अख्ख्या वर्गाची पाहिजे, जाड्या, बारक्या, सगळ्यांची एकच.

आता घरचा मामला आहे का ते बोलू. बारा वर्षांच्या पोराने काय ठरवलंय त्याच्या आयुष्यातलं? शाळा, व्हॅन, ट्युशन, होमवर्क, सगळं मोठ्यांनी ठरवलेलं. लेआउटमधली ओपन स्पेस कशाला द्यायची हे सरकारने ठरवलं, रस्त्याला फुटपाथ ठेवायचा का नाही हे सरकारने ठरवलं, बिनमैदानाच्या शाळेला परवानगी कोणी दिली? शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, त्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचं मैदान पाहिजे असं स्पष्ट लिहिलंय, आणि सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक पाहिजे हेही लिहिलंय. म्हणजे सरकार यात कधीचंच पडलेलं आहे, फक्त कागदावर पडलेलं आहे. बाप कितीही चांगला असला तरी तो मैदान बांधू शकत नाही ना भाऊ.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलाने रोज सरासरी ६० मिनिटं अंग हलवावं, दम लागेल असं, आणि आठवड्यातून तीन दिवस तरी हाडं-स्नायू बळकट होतील असं काहीतरी. २०१९ मध्ये त्यांच्याच संशोधकांनी जगभरातला हिशोब मांडला होता, ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं तेवढं करत नाहीत, मुलींमध्ये ८५ टक्के. एवढा आकडा असेल तर तो पोरांचा आळस नाही, त्यांच्या दिवसाची रचनाच चुकली आहे. आमच्या एका आठवीच्या पोराचा दिवस मी लिहून काढला होता. सकाळी साडेसहाला व्हॅन, दीडला घरी, तीनला ट्युशन, साडेपाचला दुसरी ट्युशन, साडेसातला घरी, मग होमवर्क. त्यात पळायला जागा कुठे आहे? शाळेतच, दुसरीकडे कुठेच नाही. आणि शाळेतला पीटीचा तास? तो गणिताला जातो, सायन्सला जातो, युनिट टेस्टच्या आधी तर जातोच, स्नेहसंमेलनाच्या प्रॅक्टिसला महिनाभर जातो. टाइमटेबलवर दोन तास असतात, मी एका वर्षी डायरीत खुणा करून ठेवल्या, जून ते फेब्रुवारी निम्मेही प्रत्यक्ष झाले नव्हते. सहकारी शिक्षकांचा राग नाही माझा, त्यांना सिलॅबस संपवायचा असतो आणि त्यांना जाब विचारणारे असतात, माझ्या तासाचा जाब कोणीच विचारत नाही. सरकारने इथे पडावं. सीबीएसईने २०१८ पासून नववी ते बारावीला रोज एक तास आरोग्य-शारीरिक शिक्षणाचा सांगितलाय, सांगणं चांगलं आहे, पण तपासणीला आलेला अधिकारी पीटीच्या तासाला मैदानावर येऊन उभा राहतो का, हे बघितलं तर कळेल.

मैदानाचंही तसंच आहे. बाहेरच्याला वाटतं नागपुरात काय कमी आहे, अंबाझरी आहे, फुटाळा आहे, सेमिनरी हिल्स आहे, मानकापूरला विभागीय क्रीडा संकुल आहे. आहेच, आणि चांगलंच आहे. पण कळमन्याचं किंवा पारडीचं पोरगं रोज मानकापूरला कसं जाणार, एवढ्या ट्रॅफिकमधून सायकलवर? पोराला मैदान घरापासून चालत दहा मिनिटांवर पाहिजे, नाहीतर ते त्याच्यासाठी नाहीच. आणि जवळ जे असतं तिथे एक तर ग्रीन जिम बसवलेली, जिची उपकरणं मोठ्या माणसाच्या मापाची, पोरं नुसती लोंबकळतात त्याला, नाहीतर हिरवळ लावून "खेळण्यास मनाई आहे" असा बोर्ड. हा बोर्ड मी ज्या ज्या गार्डनमध्ये बघतो तिथे माझा जीव तुटतो. पोराला मशीन नको, मोकळी माती पाहिजे, चार खांब आणि संध्याकाळी लाईट. नागपूरच्या उन्हात मार्च ते जून दुपारी बाहेर पडायची सोयच नाही, मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणून आपल्याकडे सूर्य मावळल्यावरचे दोन तास हेच खेळाचे तास आहेत आणि नेमके तेव्हाच मैदानावर अंधार असतो. लाखो रुपयांची जिम बसवण्यापेक्षा दोन हायमास्ट लावा, कडेने कडुनिंब लावा आणि शाळांची मैदानं सुट्टीनंतर वस्तीला उघडी करा, एक वॉचमन द्या. एवढ्याने शहर बदलेल.

मुलींचं वेगळं सांगतो, कारण हे पुरुष अधिकाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. सातवीपर्यंत मुली पोरांच्या बरोबरीने पळतात. आठवीत एकेक गळायला लागते. पाळी सुरू झालेली असते, टॉयलेटला पाणी नसतं, युनिफॉर्मची पँट पांढरी, मैदानाच्या कठड्यावर मोठी पोरं बसलेली, आणि शिकवायला माझ्यासारखा पुरुष, मग ती काय सांगणार? पोट दुखतं म्हणते. आमच्या एका शाळेत मॅडमनी एवढंच केलं की मुलींच्या पीटीची पँट गडद निळी केली, सकाळचा पहिला अर्धा तास मैदान फक्त मुलींना दिलं आणि पहिले पंधरा दिवस नुसती लंगडी आणि डॉजबॉल, धावण्याची शर्यत नाही, नंबर नाहीत. दिवाळीपर्यंत नववीच्या मुली स्वतःहून खो-खोचे खांब मागायला आल्या. खर्च विचाराल तर कापडाचा रंग.

सरकारने आजवर काही केलंच नाही असं मी म्हणणार नाही. २०१८ पासून खेलो इंडिया आहे, २९ ऑगस्ट २०१९ ला फिट इंडिया सुरू झालं. पण आपली सवय अशी की खेळ म्हटलं की मेडल. दहावीला सवलतीचे गुण मिळतात ते स्पर्धेत पुढे गेलेल्या खेळाडूला, मिळालेच पाहिजेत, पण वर्गातल्या उरलेल्या चाळीस पोरांचं काय, जी कधीच जिल्ह्याला खेळणार नाहीत? फिटनेसची योजना त्यांच्यासाठी पाहिजे. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंग शहरातल्या एका प्राथमिक शाळेने २०१२ मध्ये साधी गोष्ट सुरू केली, रोज १५ मिनिटं सगळा वर्ग शाळेच्या कपड्यातच बाहेर येणार आणि आपापल्या वेगाने पळणार किंवा चालणार. कपडे बदलायचे नाहीत, शर्यत नाही, शिट्टी नाही. "डेली माइल" म्हणून ते पुढे कितीतरी देशांत गेलं. आपल्याकडे परिपाठाला पंधरा मिनिटं पोरं उभीच असतात ना रोज? त्यातून सुरुवात करा. जो चालतो त्याला चालू द्या, फक्त थांबू नका म्हणा.

खाण्याच्या बाबतीत मात्र सरकारने कडक व्हावं असं माझं मत आहे. शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत हा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०२० चा आहे. गेटवर उभे राहून बघा काय विकलं जातं. आलूपोंग्याच्या गाडीवाल्यावर माझा राग नाही, त्याचं पोट त्यावर आहे, आणि पोट्ट्याने महिन्यातून एकदा आलूपोंगा खाल्ला तर काही बिघडत नाही. रोजची कोल्ड्रिंकची बाटली आणि दहा रुपयांचं पाकीट बिघडवतं, आणि ते शाळेच्या कॅन्टीनमध्येच मिळत असेल तर पीटी सर काय करणार. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, सीबीएसईने शाळांना शुगर बोर्ड लावायला सांगितले, कुठल्या पेयात किती साखर ते दाखवणारे. आरोग्य मंत्रालयाच्या अशाच बोर्डांवरून समोसा-जिलेबीवर बंदी आली म्हणून तेव्हा खूप आरडाओरडा झाला, आपल्या नागपूरच्या एम्सचंही नाव त्यात आलं, पण तो बंदीचा विषय नव्हताच, माहितीचा होता. माहिती चांगली आहे. आमच्या सहावीच्या पोरांनी काचेच्या ग्लासात पाच चमचे साखर प्रत्यक्ष टाकून बघितली तेव्हा जे "अरे बापा" निघालं, ते कुठल्याही पोस्टरने निघालं नसतं.

आता त्या पालकांसाठी, कारण सरकार हलेपर्यंत तुमचं पोरगं नववीत जाईल. घरातला काटा उचलून माळ्यावर ठेवा आणि त्याच्या वजनाबद्दल सहा महिने एक शब्द बोलू नका, पाहुण्यांनाही बोलू देऊ नका. पण एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून या, धाप जास्त लागते म्हणताय तर हिमोग्लोबिन, थायरॉईड, दमा हे बघून घ्यायला पाहिजे, आणि मानेच्या मागे काळपट जाडसर पट्टा असेल तर तो मळ नाही, घासू नका, डॉक्टरांना दाखवा, ते शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं लक्षण असू शकतं. एखाद्या ट्युशनला सायकलवर पाठवा. घरात कोल्ड्रिंक आणायचं बंद, सगळ्यांसाठी बंद, त्याच्या एकट्यासाठी नाही. त्याला पळायला लावू नका आधी, ६२ किलोचे गुडघे दुखतील आणि तो कायमचा नाही म्हणेल. पोहणं जमलं तर उत्तम, नाहीतर चालणं आणि बॉल. आणि काय आवडतं ते त्यालाच विचारा. नुसतं विचारा, लगेच क्लास लावू नका.

शाळेत पालकसभेला जाल तेव्हा एकच प्रश्न विचारा, मागच्या महिन्यात आमच्या वर्गाचे पीटीचे किती तास लागले होते आणि त्यातले प्रत्यक्ष मैदानावर किती झाले. दहा पालकांनी विचारलं की पुढच्या महिन्यात गणिताच्या सरांना दुसरा तास शोधावा लागतो, हे मी माझ्याच शाळेत होताना बघितलंय.